रतनगड ते हरिश्चंद्रगड : अनोळखी माणसांच्या भरवशावरची वाट

रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलारखिंड, खिरेश्वर. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटमाथ्याच्या कडेकडेनं जाणारी ही वाट सह्याद्रीत भटकणाऱ्यांना नवी नाही. टाकी किती, गुहेत किती जण झोपतात, नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, कुठले किल्ले दिसतात, हे सगळं लिहून झालेलं आहे. नोव्हेंबरअखेरच्या या फेरीत मनात राहिली ती वाटेवरची देवाणघेवाण, तीही एकमेकांची नावं न विचारता झालेली. कुणी दोरी दिली, कुणी दहा मिनिटं दिली, कुणी नुसतं खरं उत्तर दिलं. त्यातली बरीचशी मदत इतकी नेमकी होती की ती कशी केली हे लिहून ठेवायलाच हवं. डोंगरात दुसऱ्याला मदत करायची इच्छा बहुतेकांना असते. अडतं ते कशी करायची इथं.

पहिला दिवस : रतनवाडी ते रतनगड

घोटी, बारी, शेंडी करत रतनवाडी गाठली, अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, देवळाजवळच्या एका घरी पोहे-चहा झाला आणि नऊच्या सुमारास चाल सुरू झाली. भातं कापून झाली होती, खळ्यांवर झोडणी चालू होती. प्रवरेच्या पात्रात जेमतेम घोट्याएवढं पाणी. पात्र ओलांडून रानात शिरलं की चढ लागतो. पुढे एक फाटा येतो, तिथून उजवीकडची वाट रतनगडाच्या शिड्यांकडे जाते आणि सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीकडे. हा फाटा जाताना नीट बघून ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी गड उतरून इथंच यायचं असतं.

शनिवार होता, त्यामुळे शिड्यांखाली रांग लागलेली. वरच्या शिडीवर पन्नाशीच्या एक बाई उतरता उतरता मध्येच थिजल्या होत्या. हात दांड्यांना घट्ट, डोळे मिटलेले, पाठीवर फुगलेली सॅक. वरून चार आणि खालून सहा जण एकदम सूचना देत होते. कुणी म्हणे डावा पाय, कुणी म्हणे उजवा, कुणी म्हणे खाली बघू नका. खाली रांगेत दुसऱ्याच चमूतला एक पंचविशीचा मुलगा उभा होता. त्यानं हात वर करून आधी सगळ्यांना गप्प केलं. वरच्या मंडळींना बसून राहायला सांगितलं, म्हणजे पायांनी दगड सुटणार नाहीत. मग तो शिडी चढला आणि बाईंच्या पायांखाली तीन पायऱ्या सोडून थांबला, दोन्ही हात बाजूच्या दांड्यांवर.

“मावशी, मी खालीच आहे. पकड सोडायची नाही, फक्त जराशी सैल करा. घाई नाही.”

त्यानं बाईंच्या पायाला हात लावला नाही. पुढची पायरी जिथं होती तिथं बोटांनी लोखंडावर टकटक केलं. “इथं आहे पायरी. डावा पाय खाली येऊ द्या. अजून. अजून दोन बोटं. टेकला.” मग पुढची टकटक, उजवा पाय. पाचेक मिनिटांत बाई खाली आल्या. त्या पाणी पिऊन आभार मानेपर्यंत तो वरही पोहोचला होता.

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम केलेली होती. उतरताना आपलं पोट आणि पाय यांच्यामुळे पुढची पायरी दिसतच नाही, म्हणून माणूस थिजतो. पायरीवरचा आवाज ती कुठं आहे ते डोळ्यांऐवजी कानांना सांगतो. घाबरलेल्या माणसाचा पाय धरून खाली ओढला की सगळा भार एकदम हातांवर येतो, आणि घट्ट मुठीनं लटकून दमलेले हात तिथंच सुटतात. आणि बोलणारा आवाज एकच हवा, बाकीच्यांनी गप्प राहणं हीच त्यांची मदत.

शिड्यांवर एरवी पाळायचं ते थोडक्यात असं. शिडीवर एका वेळी एकच माणूस. चढताना-उतरताना तोंड शिडीकडे. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. जड सॅक पाठीवर ठेवू नये, दोरीनं वेगळी सोडावी, कारण ती मागे खेचते. आणि रांगेत उभं राहायचं तर शिडीच्या बरोबर खाली नको, बाजूला.

गणेश दरवाज्यातून आत आल्यावर गुहा आहेत. मोठ्या गुहेत आधीच दोन चमू होते. त्यांनी न सांगता सॅका भिंतीकडे सरकवल्या आणि दाराजवळची जागा स्वतःकडे ठेवली. थंडीत दाराजवळ झोपणं म्हणजे रात्रभर वारा खाणं. मागून आलेल्यांना आतली जागा देणारी माणसं क्वचितच भेटतात.

टाक्यावर एक चांगली सोय दिसली. पाच लिटरचा कॅन वरून कापून, कडेला दोन भोकं पाडून, त्याला नायलॉनची दोरी बांधून कुणीतरी ठेवून गेलं होतं. दोरी दगडाखाली दाबलेली. त्यामुळे पाण्यात कुणाला उतरावं लागत नव्हतं. टाक्यात पाय घालून बाटल्या भरल्या की तळचा गाळ उठतो आणि मागच्या दहा जणांना गढूळ पाणी मिळतं. भांडी घासायची तर टाक्यापासून वीस पावलं लांब, उताराच्या बाजूला. पाणी स्वच्छ दिसलं तरी क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावं.

गुहेतल्या कोनाड्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी आणि अर्धी मेणबत्ती होती. मागून येणाऱ्यासाठी काहीतरी ठेवून जायची ही जुनी रीत. एवढंच ठेवावं. उरलेले तांदूळ, साखर, बिस्किटं “कुणाच्या तरी उपयोगी पडतील” म्हणून ठेवली तर ती उंदीर आणि माकडांच्या उपयोगी पडतात, आणि मग माकडं पुढच्या माणसाच्या हातातली पिशवी ओढायला शिकतात.

दुसरा दिवस : रतनगड ते कुमशेत

चारांतला सगळ्यात मोठा आणि रानाचा दिवस. साडेसहाला निघालं तर दुपार टळता टळता कुमशेत येतं, रमतगमत गेलं तर संध्याकाळ. शिड्या उतरून फाट्यावर आलो आणि सरळ वाट धरली. पुढचं रान इतकं दाट की ऊन जमिनीवर पोहोचत नाही. वाटेत ओढे लागतात. खिंडीचा चढ सुरू होण्याआधी जो शेवटचा वाहता ओढा असेल तिथं माणशी तीन लिटर पाणी भरून घ्यावं.

या रानात माणसं चुकतात ती ढोरवाटांमुळे. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा कधी कधी खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या असतात. शंभर-दोनशे पावलं छान जातात आणि पाण्यावर किंवा गवतात विरून जातात. इथं बऱ्याच ढोरवाटांच्या तोंडाशी वाळकी फांदी आडवी टाकलेली दिसली. “ही वाट बंद, इकडे येऊ नका” असा तिचा अर्थ. आधी कुणीतरी आत जाऊन, चुकून, परत येऊन मागच्यांसाठी ती टाकलेली असते.

ही खूण करायची पण पद्धत आहे. फांदी मनगटाएवढी जाड हवी, बारीक असेल तर वाऱ्यानं पडल्यासारखी वाटते. ती अगदी फाट्यावरच टाकायची. दहा पावलं आत टाकली तर माणूस तोवर आत शिरलेला असतो. शक्यतो दोन फांद्या एकमेकींवर फुलीसारख्या टाकाव्यात, कारण दोन फांद्या आपोआप फुलीत पडत नाहीत. आणि ओली फांदी तोडायची नाही. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि रानात वाळकं लाकूड हवं तेवढं पडलेलं असतं.

उघड्या कातळावर फांदी टिकत नाही. तिथं दगडावर दगड रचतात. दोन दगड योगायोगानंही बसतात, म्हणून किमान तीन, खाली मोठा, वर लहान. गंमत म्हणून असे मनोरे रचणाऱ्यांना अगदी कळकळीनं सांगणं आहे की हा खेळ घरच्या अंगणात खेळा. धुक्यात किंवा तिन्हीसांजेला माणूस त्या खुणेवर विश्वास टाकून चालत असतो, आणि इथं कडे फार लांब नसतात.

एका फाट्यावर मात्र फांदी नव्हती. पुढं चालणारा एक चमू डावीकडे वळून उतरायला लागला होता. वरच्या उतारावरून हाक आली, “ओ पाव्हणं, तिकडं कुठं? ती ढोरांची वाट हाय, खाली पाण्यावर जाती.” गवत कापणारे मामा होते. त्यांनी विळा भाऱ्यात खोचला, उतरून आले आणि सगळ्यांना घेऊन चालायला लागले. नुसतं बोट दाखवून त्यांचं भागलं असतं. पण जिथून खिंडीची खाच झाडांच्या वर स्पष्ट दिसते त्या वळणापर्यंत ते आले, हातातल्या काठीनं रोख दाखवला, “आता ही डोळ्यापुढनं हलू द्यायची न्हाई” म्हणाले आणि परत फिरले. पैसे घेतले नाहीत. मूठभर गूळ-शेंगदाणे घेतले, ते खात खात गेले.

वाट विचारण्याबद्दल थोडं. “ही वाट कुमशेतला जाते ना?” असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा “हो” येतं. समोरच्याला आपल्याला नाही म्हणायचं नसतं, शिवाय लांबून वळसा घालून ती वाट खरंच कुमशेतला जातही असते. विचारावं असं : “कुमशेतला कुठल्या वाटेनं जाता तुम्ही?” मग माणूस स्वतःची रोजची वाट सांगतो. किती किलोमीटर हे विचारू नये, तुम्हाला किती वेळ लागतो हे विचारावं आणि सॅक असेल तर त्या वेळेची दुप्पट धरावी. “एवढ्यात पोचाल” यात खोटेपणा नसतो, ते त्यांच्या पायांचं मोजमाप असतं. आणि पुढची मोठी खूण विचारून घ्यावी : ओढा लागेल का, झाड कुठलं, खिंड कुठल्या हाताला ठेवायची. तीन खुणा लागल्या तर वाट बरोबर.

खिंडीचा शेवटचा चढ घसाऱ्याचा, सुट्या माती-दगडांचा आहे. तिथं समोरून उतरणाऱ्या दोघांनी एक काम केलं, ते बारकाईनं लिहितो. कॉलेजातल्या एका मुलीच्या बुटाचा तळवा पुढून उघडा पडला होता आणि प्रत्येक पावलाला दुमडून खाली अडकत होता. बूट दिसायला नवे. नेहमीचं दुखणं आहे हे. तळव्याच्या वरचा फोमचा थर पॉलियुरेथेनचा असतो. बूट न वापरता कपाटात पडून राहिले तरी दमट हवेनं तो आतून कुजतो आणि डोंगरात चार-सहा तास चालल्यावर भुगा होऊन सुटतो. झटपट चिकटवणारा गोंद इथं चालत नाही, कारण ज्याला चिकटवायचं तेच भुसभुशीत झालेलं असतं.

त्या दोघांतल्या एकानं तीन मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी काढली, एका बुटाला साधारण दोन मीटर. आधी बूट पायातच ठेवून तळव्यावरची माती कापडानं पुसली, तळवा दाबून बसवला आणि चिकटपट्टीचा एक वेढा घेतला. पट्टीचं काम फक्त बांधून होईपर्यंत तळवा जागेवर धरायचं, ती खडकावर टिकत नाही. मग दोरीचा पहिला वेढा चवड्याखालून, पण तळव्याच्या खाचेतून. दोरी उंचवट्यावरून गेली तर पन्नास पावलांत घासून तुटते. वर दोन्ही टोकांची फुली मारून ती लेसच्या सगळ्यात खालच्या भोकांतून ओवली, मग दुसरा वेढा टाचेच्या पुढं, तळव्याच्या कमानीखालून. कमान जमिनीला टेकत नाही, त्यामुळे खरा भार या वेढ्यावर टिकतो. गाठ वर, बाहेरच्या बाजूला. मुलीला बोटं हलवून बघायला सांगितलं. बोटं बधिर झाली तर वेढा सैल करायचा, आणि दर अर्ध्या तासानं दोरी बघायची.

आणि मग त्यानं तिचा दुसरा, धडधाकट दिसणारा बूटही तसाच बांधला. “दोन्ही एकाच वयाचे आहेत. हा पण आज ना उद्या जाणार.” कुमशेतला पोहोचण्याआधी तासभर तो दुसरा तळवा खरंच सुटला, आणि दोरीत धरलेला राहिला.

खिंडीतून पलीकडे हरिश्चंद्रगडाचा पसारा पहिल्यांदा दिसतो. उतार मोकळा, गुडघ्यांना कडक.

कुमशेत हे लहानसं गाव, वस्ती महादेव कोळ्यांची. ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी आधी पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग कोरा चहा. जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, खुरासणीची चटणी, वाफाळता भात. ओसरीवर अंथरूण घालून दिलं आणि वाऱ्याच्या बाजूला पोत्यांची थप्पी लावून आडोसा केला. शेजारच्या घरातून कुणीतरी दोन गोधड्या आणून ठेवल्या, कुणाच्या ते सकाळीही कळलं नाही.

अशा घरी राहताना पैशाचं बोलणं आल्या आल्या मोकळेपणानं करावं : जेवणाचे माणशी किती, राहायचे किती. त्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट निघताना “काहीही द्या” या शब्दावर पन्नासची नोट टेकवून जाणाऱ्यांमुळे होतो. सुटे पैसे जवळ ठेवावेत, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. पाणी घरातल्या हंड्यातून भरून मागू नये. विहीर किंवा हातपंप कुठं आहे ते विचारून स्वतः भरून आणावं, जमलं तर त्यांचाही एक हंडा आणावा. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. पण ते पाणी उतारावरून निघून जातं, आणि मार्चनंतर एकेका हंड्यामागे बाईची पायपीट असते.

तिसरा दिवस : कुमशेत ते हरिश्चंद्रगड

कुमशेतहून उतरायचं, मुळा नदीचं पात्र ओलांडायचं, पेठेच्या वाडीवरून पाचनई. तुलनेनं सोपा टप्पा, चार-पाच तासांचा, पण उघडा. ऊन लागतं.

वाडीतली शाळेची मुलं बरोबर चालत होती, पायवाटेचे आडमार्ग दाखवत. त्यांना चॉकलेटं वाटू नयेत असं मनापासून वाटतं. एकदा वाटली की पुढच्या प्रत्येक चमूपुढं हात पसरला जातो, आणि वेष्टणं ओढ्यात जातात. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेत गुरुजींच्या हातात द्याव्यात. आणि मुलांना विचारावं पाखरांची, झाडांची नावं. सांगताना ती खुलतात.

पाचनईहून गडावर जाणारी वाट कातळकड्याच्या पोटातून आडवी जाते. डोक्यावर पुढं आलेला कातळ, एका बाजूला दरी, अवघड जागी रेलिंग. दुपारी तिथं एक तरुण पोटऱ्यांत गोळे येऊन बसला होता. त्याचे मित्र त्याला पाण्यावर पाणी पाजत होते, आणि गोळे थांबत नव्हते. उतरणाऱ्या एका चमूतल्या ताई थांबल्या. पहिला प्रश्न : “सकाळपासून किती पाणी प्यायलास, आणि खाल्लंस काय?” तीन लिटर पाणी, आणि दोन केळी. घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं, नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी विरळ होतं.

त्यांनी आधी गोळा सोडवला : गुडघा सरळ, चवडा हातानं हळूहळू नडगीकडे ओढून तीस सेकंद धरायचा, झटका द्यायचा नाही, मुठीनं बुकलायचं नाही. मग एक लिटरची बाटली पूर्ण भरून घेतली आणि तिच्यात ओआरएसचं एक पाकीट पूर्ण टाकलं. पाकीट एका लिटरसाठी असेल तर एकच लिटर. ग्लासभर पाण्यात अंदाजानं अर्धं पाकीट टाकलं तर ते फार तीव्र होतं आणि तहान व उलटी दोन्ही वाढतात. दर दोन-तीन मिनिटांनी दोन घोट, एकदम बाटली तोंडाला नाही. बरोबर खारे शेंगदाणे. अर्ध्या तासानं तो उभा राहिला. त्याची सॅक मित्रांनी वाटून घेतली आणि ताईंनी उरलेलं एक पाकीट त्याच्या खिशात ठेवलं.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानात घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असा उल्लेख बघून घ्यावा. मिळत्याजुळत्या नावाची गोड पेयं वेगळी. आणि माणूस बडबडायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, किंवा अंग तापून घाम येणंच बंद झालं, तर ते गोळ्यांचं दुखणं राहिलेलं नाही. सावली, ओलं कापड, वारा आणि लगेच खाली.

चारपर्यंत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोहोचलो. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कंबरभर गार पाणी, चार खांबांतला एकच शाबूत. कोकणकड्यावर सूर्यास्ताला गर्दी होती. या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात पूर्ण अंधार. तेव्हा चार मुलं पाचनईला उतरायला निघाली, उजेडाला मोबाइल, त्यातले दोन जवळपास संपलेले.

टपरीवर चहा पीत बसलेल्या एका काकांनी त्यांना हटकलं, पण रागावले नाहीत. राहता येईल का विचारलं. घरी पोहोचणं भाग होतं. मग काकांनी स्वतःचा डोक्यावरचा दिवा काढून दिला. “खाली पहिल्या टपरीवर ठेवा, मी कुठून आलोय ते विचारू नका.” आणि वापरायचं समजावलं : मोबाइल धरला की रेलिंगला एकच हात उरतो, म्हणून दिवा डोक्यावर. चौघांत एकच दिवा असेल तर तो पुढच्याकडे. अवघड पायरीला त्यानं आधी उतरायचं, वळायचं आणि मागच्या प्रत्येकाच्या पायाशी उजेड धरायचा, डोळ्यांत मारायचा नाही. अंतर एका हाताचं. शेवटी सगळ्यात सावध मुलगा. मोबाइल बंद करून एक तरी फोनपुरता चार्ज राखून ठेवायचा.

टपरीवाल्या दादांनी खालच्या टपरीवर निरोप धाडला, चार पोरं उतरतायत, दिवा घेऊन ठेवा. साडेआठला उलट निरोप आला, पोहोचली. तोवर काका आत जेवायला गेले नव्हते.

चौथा दिवस : टोलारखिंडीतून खिरेश्वर

सकाळी सातला, दुधाचा कॅन घेऊन पाचनईहून वर आलेल्या माणसाच्या गळ्यात तो दिवा लटकत होता. पट्टा धुतलेला.

देवळापासून टोलारखिंडीपर्यंत टेकड्यांमागून टेकड्या उतरायच्या. सगळे सात टेकड्या म्हणतात. एकीसारखी दुसरी दिसते, त्यामुळे धुक्यात किंवा अंधारात इथं चकवा लागतो. दगडांवरचे बाण शोधत जायचं : एका बाणापाशी उभं राहून पुढचा दिसला तरच पुढं. दिसला नाही तर एकानं बाणापाशीच थांबायचं, दुसऱ्यानं आवाजाच्या टप्प्यात राहून शोधायचं. बाण पुसट दिसले म्हणून रंगाचा डबा घेऊन यायची इच्छा होते, पण कुठलाही रंग कुठंही फासू नये. स्थानिक वाटाडे आणि वनखात्याशी बोलून, ज्यांना वाट बारा महिन्यांची माहीत आहे त्यांच्याबरोबरच. पावसाळ्यात जी वाट ओढा होते तिच्यावर उन्हाळ्यात रंगवलेला बाण जीवावर बेततो.

खिंडीच्या वरचा कातळटप्पा रेलिंगचा. रविवार संपल्यामुळे गर्दी नव्हती, तरी चढणारे-उतरणारे समोरासमोर येतात. चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, त्याची लय मोडली की दम तुटतो. थांबणाऱ्यानं डोंगराच्या अंगाला पाठ लावून उभं राहावं, दरीच्या बाजूला कधीच नाही. आणि सॅकसकट गर्रकन वळू नये, शेजारच्याला धक्का बसतो तो त्या सॅकचाच. पायाखालून दगड सुटला तर “दगड!” अशी मोठी आरोळी. खालच्यानं आवाज ऐकून वर बघायचं नाही, डोकं सॅकखाली घेऊन कातळाला चिकटायचं. एका उतरणाऱ्या आजोबांनी हे इथं सुरेख केलं. दगड त्यांच्या पायानं सुटला नव्हता, तरी तो दिसताच आरोळी त्यांनीच दिली.

अपघात झालाच तर पहिले पोहोचतात ते आसपासच्या वाड्यांतले लोक, हे या डोंगरातलं जुनं सत्य आहे. गिर्यारोहकांची बचाव पथकं आहेत, त्यांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. पण पथक गावात येईपर्यंत झोळी, काठ्या आणि खांदे गावाचेच. त्यांच्याकडे धावत जाताना तोंडी निरोप देऊ नये, तो वाटेत बदलतो. कागदावर लिहावं : काय झालं, किती वाजता, कुठल्या वाटेवर, कुठल्या खुणेच्या वर की खाली, माणूस चालू शकतो का, शुद्धीवर आहे का, बरोबर किती जण, पाणी किती. शक्य तर दोघांनी जावं, एकानं जखमीपाशी थांबावं. पाय मुरगळला असेल तर बूट काढू नये, सुजल्यावर परत चढत नाही. बुटावरूनच चार इंची क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळावं. सापाचा दंश असेल तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि माणसाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं.

टोलारखिंडीत व्याघ्रशिल्प आहे. तिथून एक वाट कोथळ्याकडे जाते, दुसरी खिरेश्वरला उतरते. खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ जरूर बघावं, मग पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेनं खुबी फाटा, पाच-सहा किलोमीटर. फाट्यावरून माळशेज घाटातून कल्याणकडे आणि उलट दिशेला आळेफाट्याकडे एसटी मिळते. संध्याकाळी गाड्या विरळ होतात, म्हणून दुपारी तीनच्या आत फाट्यावर असलेलं बरं.

पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी एक सुचवणं. सॅकच्या वरच्या कप्प्यात एक छोटी पिशवी फक्त इतरांसाठी ठेवा, स्वतःच्या सामानात न मिसळता. तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी पाच मीटर, पेनावर गुंडाळलेली दोन मीटर चिकटपट्टी, ओआरएसची चार पाकिटं, एक क्रेप बँडेज, क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी, छोटा जादा दिवा आणि त्याला लागतील त्याच मापाचे सेल, कागद-पेन्सिल, शिट्टी, दोनशे ग्रॅम खारे शेंगदाणे. सगळं मिळून पाऊण किलोच्या आत बसतं. औषधाच्या गोळ्या मात्र अनोळखी माणसाला आपल्या मनानं देऊ नका, त्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. दिव्यात सेल घालून ठेवू नका, वेगळे ठेवा, दाबलं जाऊन सॅकमध्येच जळत राहतो. ओआरएसच्या पाकिटावरची तारीख दर पावसाळ्यानंतर बघून घ्या.